ट्रोलहाउगेन: ग्रीगचं घर बघायचं तर आधी तळ्याकाठी उतरा

नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याचं बर्गन शहराजवळचं घर, ट्रोलहाउगेन, बघायला येणारे बहुतेक लोक तिकीट काढतात, प्रदर्शन बघतात, घरातल्या खोल्यांतून फिरतात आणि बस सुटायला दहा मिनिटं उरली की तळ्याकाठच्या लाकडी खोपीकडे, जिथे बसून तो संगीत रचायचा, घाईघाईने उतरतात. हा क्रम उलटा हवा. घर चांगलं आहे, पण तसं साधंच आहे. १८८०च्या दशकात हाती थोडा पैसा आलेल्या नॉर्वेजियन कलावंताने बांधलं असतं तसं. ज्या माणसासाठी आपण इथवर येतो तो खाली भेटतो. एक खोली, तिची खिडकी, खिडकीतलं पाणी आणि थोड्या अंतरावरचा खडक, ज्यात त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत. आधी हे बघावं आणि मग चढत चढत वर यावं. म्हणजे वरच्या दिवाणखान्यातला पियानो, प्रदर्शनातली छायाचित्रं आणि हॉलमधलं वादन या सगळ्यांचा अर्थ आपोआप लागत जातो.

पोहोचणं सोपं आहे. बर्गनच्या मध्यवस्तीतल्या ब्यूपार्केन थांब्यावरून विमानतळाकडे जाणारी १ नंबरची ट्राम घ्यायची आणि ‘होप’ या थांब्यावर उतरायचं. ट्रामला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पुढे पाट्या बघत तेवढंच चालायचं. शेवटचा टप्पा चढाचा आहे. ट्रामचं तिकीट आत मिळत नाही. थांब्यावरच्या यंत्रातून किंवा मोबाइलवर ते आधीच काढावं लागतं. नॉर्वेत रोख पैशांनी कामं होण्याचे दिवस जवळजवळ संपले आहेत, तेव्हा कार्ड हवंच. उन्हाळ्यात दुपारच्या मैफलीला जोडून शहरातून बसही सुटते, पण तिचा परतीचा वेळ ठरलेला असतो आणि तो तीन ठिकाणं घाईत उरकण्याइतकाच असतो. ट्रामने सकाळी दारं उघडताना पोहोचलं तर तासभर परिसर मोकळा मिळतो. क्रूझ जहाजं बंदरात लागलेली असतात त्या दिवशी मैफलीच्या आधीचा तास सर्वांत गर्दीचा, म्हणून तो टाळावा.

बूट पकडीचे हवेत, ही सूचना मनावर घ्यावी. बर्गनमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो एखाद्या मोसमात पडून संपत नाही, बारा महिने येत राहतो. खाली जाणारी वाट झाडांतून जाते, तिला पायऱ्या आहेत, आणि ओल्या दगडांवर पाय घसरतो. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, कारण पायऱ्यांवर एक हात मोकळा लागतो. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा जे चाकांच्या खुर्चीवर आहेत त्यांना वरचा भाग बघता येतो, खोपीपर्यंत जाणं मात्र अवघड. परिसराच्या मांडणीतली ही खरी त्रुटी आहे. तिच्यावर सोपा उपाय नाही, हेही खरं. उतार सपाट केला तर जागाच उरणार नाही.

खोपी १८९१ सालची. घर त्याआधी सहा वर्षं उभं होतं, मग वेगळी खोली कशाला? कारण ग्रीगला आपण काम करत असताना कोणीतरी ऐकतंय एवढी शंकाही सहन होत नसे. घर लाकडी, त्यामुळे एका खोलीतला आवाज दुसरीत जायचा, पाहुणे सतत, बायको नीना स्वतः उत्तम गायिका. पियानोवर एकच स्वरमेळ वीस वेळा वाजवून बघणाऱ्या माणसाची अशा घरात कुचंबणा होणारच. म्हणून तळ्याच्या अगदी काठाशी, घरातून दिसणारही नाही आणि ऐकूही येणार नाही अशा जागी ही एक खोली बांधली गेली.

आत जाता येत नाही. काचेतून बघायचं. एक लहानसा उभा पियानो, शेगडी, सोफा आणि खिडकीला लागून मेज. काचेवर झाडांचं आणि पाण्याचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे उजळ उन्हात आतलं फारसं काही दिसत नाही आणि फोटोत आपलाच चेहरा येतो. दोन्ही तळवे काचेला टेकवून कडेचा उजेड अडवावा, मग डोळे सरावतात. फोनची कड काचेला अगदी चिकटवली तर फोटोही नीट येतो. ढगाळ दिवस यासाठी उत्तम, आणि बर्गनमध्ये ढगाळ दिवसांचा तुटवडा नाही.

आत बघताना खुर्चीकडे लक्ष द्यावं. ग्रीगची उंची दीडशे सेंटिमीटरच्या जरा वर, इतकीच होती. पियानोपाशी नीट हात पोहोचावा म्हणून तो बेठोव्हेनच्या सोनाटांचे जाडजूड खंड बुडाखाली घेऊन बसायचा. हे ऐकून लोक हसतात, पण त्या खंडांची पानं त्याने आधी जर्मनीतल्या लाइपझिगला संगीत शिकताना वर्षानुवर्षं घोटली होती, हे लक्षात ठेवून बघितलं तर ते दृश्य वेगळं दिसतं. काम संपवून जाताना तो मेजावर एक चिठ्ठी ठेवायचा: इथे कोणी घुसलंच तर कृपया स्वरलिपीचे कागद तेवढे सोडा, त्यांची किंमत एडवर्ड ग्रीगखेरीज कोणालाच नाही. माणूस कसा होता हे सांगायला प्रदर्शनातले चार फलक जेवढी जागा घेतात तेवढं ही एक चिठ्ठी सांगते. चोराशीही अदबीने बोलणारा, आणि आपल्या कामाबद्दल एकाच वेळी नम्र आणि हळवा.

मग खोपीकडे पाठ करून उभं राहावं आणि मेजावरून त्याला जे दिसत होतं ते बघावं. समोर नूर्डोस तळं, तळं म्हणतात खरं पण एका चिंचोळ्या वाटेने ते समुद्राला मिळतं. पाणी संथ, काठ झाडीचा, पलीकडे ठेंगणे डोंगर. इथे भव्य असं काही नाही. ग्रीगचं संगीत म्हटलं की उंच कडे आणि धबधबे अशी जाहिरातींनी करून दिलेली कल्पना असते, ती इथे गळून पडते. या खोपीत लिहिलेलं संगीत मुख्यतः छोट्या पियानो-रचनांचं आणि गाण्यांचं आहे, दोन-चार मिनिटांचं, जवळून ऐकण्याचं. त्याने ‘लिरिक पीसेस’ या नावाखाली अशा ६६ रचना दहा संचांत मिळून केल्या, पहिला संच १८६७चा आणि शेवटचा १९०१चा. येण्याआधी त्यातल्या निदान चार ऐकून याव्यात. क्रमांक ४३ (हा संचाचा नव्हे, त्याच्या प्रकाशित रचनांचा ओपस क्रमांक) मधली ‘वसंतास’, ती १८८६ची, म्हणजे या घरात राहायला आल्यानंतरच्या वर्षातली. क्रमांक ५४ मधली ‘नोक्तुर्नो’, जिच्यात मधेच एक पाखरू कंप घेऊन जातं. त्याच संचातली ‘घंटानाद’, जिच्यात डावा आणि उजवा हात नुसते मोकळे पंचम वाजवत राहतात आणि लांबवरच्या चर्चच्या घंटा एकमेकींत मिसळाव्यात तसा आवाज उभा राहतो. आणि क्रमांक ७१ मधली ‘रानातली शांतता’. चौथी रचना तर इथेच, हेडफोन लावून ऐकावी. मिनिटाभरात हेडफोन काढावेसे वाटतील, तेव्हा काढावेत. पाणी काठाला लागतं तो आवाज ऐकायला मिळेल.

तिथून थोडं पुढे खडक आहे. वाट संपते तिथे मान वर करून बघायचं: कड्याच्या पोटात एक कोनाडा, शिळेने बंद केलेला, त्यावर जुन्या रुन लिपीच्या वळणाची अक्षरं, एडवर्ड आणि नीना ग्रीग. ही जागा त्याने स्वतः निवडली. मित्र फ्रान्ट्स बायर याच्याबरोबर होडीतून मासेमारीला गेला असताना मावळतीचे शेवटचे किरण नेमके या कड्यावर पडलेले त्याने पाहिले आणि मला इथेच ठेवा असं सांगितलं. ४ सप्टेंबर १९०७ रोजी बर्गनच्या रुग्णालयात तो गेला. तेव्हा तो इंग्लंडमधल्या लीड्सच्या महोत्सवाला निघायच्या तयारीत होता. पुढच्या वर्षी त्याच्या अस्थी या कोनाड्यात आल्या. नीना त्याच्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली, १९३५ मध्ये कोपनहेगनला वारली, आणि तिच्याही अस्थी इथेच आणल्या. संग्रहालय मावळतीच्या बरंच आधी बंद होतं आणि जूनमध्ये तर सूर्य रात्री अकरानंतर मावळतो, त्यामुळे ज्या उजेडासाठी ही जागा निवडली तो बघायला मिळत नाही. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला बर्गनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव असतो, त्यात इथे मैफली होतात. त्यातल्या संध्याकाळच्या एखाद्या मैफलीचं तिकीट साधलं तर निदान तिरप्या उन्हात हा परिसर बघता येतो.

फ्रान्ट्स बायरचं नाव इथे सगळीकडे भेटतं, आणि त्याच्याशिवाय हे घरच झालं नसतं. १८८३ मध्ये ग्रीग आणि नीना यांचं बिनसलं आणि ग्रीग तिला सोडून निघून गेला. दोघांना पुन्हा एकत्र आणलं ते बायरने. तो वकील होता, हौशी वादक होता आणि याच तळ्याच्या काठी नेस्सेट नावाच्या जागी राहत होता. समेट झाल्यावर ग्रीगने त्याच्या शेजारचीच, पाण्यापलीकडची टेकडी निवडली. चुलतभाऊ शाक बुल याने आराखडा काढला, १८८५च्या वसंतात जोडपं राहायला आलं. ग्रीगचं वय तेव्हा एक्केचाळीस. त्याआधी त्याला स्वतःचं असं घरच नव्हतं. भाड्याच्या जागा, हॉटेलं, मित्रांच्या खोल्या. घराचं काम चालू असताना त्याने या वास्तूला आपली आजवरची सर्वोत्तम रचना म्हटलं होतं. नाव ठेवलं नीनाने. जवळच्या घळीला मुलं ट्रोल राक्षसांची घळ म्हणत, त्यावरून ट्रोलहाउगेन, ट्रोलची टेकडी.

आता घर. मनोरा, वर झेंड्याची काठी, मोठ्या खिडक्यांचा व्हरांडा, बाहेरून फिकट रंगाचं. आत बघायची फेरी मुख्यतः तळमजल्याची, आणि खोल्या लहान. पंधरावीस माणसं आत आली की कोणालाच काही दिसत नाही. म्हणून गट बाहेर पडेपर्यंत व्हरांड्याशी थांबण्याने पाच मिनिटं जातात आणि अख्खी खोली मिळते. दिवाणखान्याच्या भिंती लाकडाच्या ओंडक्यांच्या, गिलावा न केलेल्या. मधोमध स्टाइनवे ग्रँड पियानो, १८९२ मध्ये लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बर्गनकरांनी भेट दिलेला. हा नुसता ठेवण्याचा पियानो नाही. तो अजून वाजतो, आणि लाइफ ओवे आन्सनेस या नॉर्वेजियन पियानोवादकाने याच पियानोवर याच खोलीत ग्रीगच्या लिरिक पीसेसचं ध्वनिमुद्रण केलं आहे. ते २००२ मध्ये बाहेर आलं. ते ऐकून यावं. आजच्या मोठ्या सभागृहांसाठी बनवलेल्या पियानोपेक्षा याचा आवाज ऊबदार आणि लहान आहे, आणि लाकडी भिंतींमुळे तो लगेच विरतो. ग्रीगच्या रचनांत इतके विराम का आहेत, हे त्या विरण्यातून कळतं.

इथलं प्रत्येक लाकूड ग्रीगच्या काळचं आहे असं मात्र समजू नये. नीनाने १९१९ मध्ये घर विकलं, सामानाचा लिलाव झाला, वस्तू पांगल्या. नात्यातल्या योआकिम ग्रीग याने घर विकत घेऊन पुढे फाना नगरपालिकेला दिलं, आणि १९२८ मध्ये संग्रहालय सुरू झालं. काही वस्तू परत आल्या, काही आल्या नाहीत. एखाद्या वस्तूपुढे रेंगाळण्याआधी ती मूळची का असा प्रश्न तिथल्या मार्गदर्शकाला सरळ विचारावा. खोली बघण्याची दृष्टी त्याने बदलते.

एक गोष्ट घरात उभं राहून विसरली जाते. ही जागा ग्रीगच्या प्रकृतीला मुळीच मानवणारी नव्हती. १८६०च्या वसंतात, लाइपझिगला शिकत असताना, सोळाव्या वर्षी त्याला फुप्फुसाच्या आवरणाचा गंभीर दाह झाला. डावं फुप्फुस त्यानंतर निकामीच राहिलं. उरलेली सत्तेचाळीस वर्षं तो एका फुप्फुसावर जगला, डोंगर चढला, युरोपभर वाद्यवृंद चालवत फिरला. आणि घर बांधलं ते तळ्याकाठच्या दमट टेकडीवर, पावसाच्या गावाजवळ. म्हणून ट्रोलहाउगेन हे मुख्यतः उन्हाळ्याचं घर राहिलं. हिवाळे दौऱ्यांत आणि परगावी जायचे. निसर्गाचं त्याचं प्रेम हे हवापालटाच्या हौसेसारखं नव्हतं. त्यासाठी त्याने श्वासाची किंमत मोजली.

दुपारच्या मैफलीबद्दल एवढंच की ती चुकवू नये. ट्रोलसालेन हा हॉल १९८५ चा, दोनशे खुर्च्यांचा, घळीच्या उतारात उतरवलेला. छतावर गवत वाढवलेलं, त्यामुळे बाहेरून तो इमारत वाटतच नाही. तो कुठे आहे ते जवळ जाईपर्यंत कळत नाही. आत रंगमंचाच्या मागची भिंत काचेची, आणि तिच्यातून थेट ती खोपी आणि तळं दिसतं. वादक ‘नोक्तुर्नो’ वाजवत असतो आणि त्याच्या खांद्यामागे ग्रीगची ती कामाची खोली असते. उन्हाळ्यातली दुपारची मैफल अर्ध्या तासाच्या आसपासची, बहुधा एकट्या पियानोची. वादकाची बोटं बघायची असतील तर डावीकडच्या जागा घ्याव्यात, तळं बघायचं असेल तर मागच्या ओळी. उतारामुळे मागूनही समोरच्याचं डोकं आड येत नाही. उजळ दिवशी काचेतून येणाऱ्या उजेडात वादकाचा चेहरा काळोखा दिसतो, ते धरूनच चालावं. फोटोचा नाद सोडावा. हॉलजवळच ग्रीगचा पूर्णाकृती पुतळा आहे, इंगेब्रिक्त विक या शिल्पकाराचा. शेजारी उभं राहिलं की माणूस किती लहान चणीचा होता ते डोळ्यांनी मोजता येतं.

मैफलीत त्याची एक खूण शोधत ऐकावं. आपल्या सरगमीत सांगायचं तर वरचा सा, मग शुद्ध नि, आणि तिथून थेट प. सां नि प. त्याच्या प्रसिद्ध ए मायनर पियानो कॉन्सर्टोची सुरुवात याच तीन स्वरांनी होते, आणि मग ही खूण त्याच्या रचनांत जागोजागी डोकावते. निषादावरून षड्जाला जायचं सोडून खाली पंचमावर उडी घेणं ही नॉर्वेतल्या लोकसंगीताची चाल आहे. तिथलं हारडांगर व्हायोलिन हेही आपल्याला परकं वाटणार नाही: वाजवायच्या चार तारांखाली चार-पाच तरफेच्या तारा, सारंगीसारख्याच आपोआप घुमणाऱ्या. ग्रीगच्या डाव्या हातात जे सतत धरून ठेवलेले पंचम ऐकू येतात त्यांचं मूळ तिथे आहे. १९०२-०३ मध्ये त्याने क्नूट दाले या खेडुत व्हायोलिनवादकाच्या चाली, योहान हालव्होर्सनने उतरवून घेतलेल्या, पियानोवर आणल्या. या क्रमांक ७२च्या रचना पहिल्यांदा ऐकताना कानाला बोचतात, कारण त्याने चालीतला खडबडीतपणा घासून गुळगुळीत केला नाही.

कमी पडतं ते प्रदर्शन, आणि तेही मुख्यतः बालपणाबाबत. तिकीटघराच्या इमारतीत, जी १९९५ची आहे, कालक्रमाने आयुष्य मांडलं आहे. छायाचित्रं चांगली, माहिती अचूक. पण ज्या घरात हा मुलगा घडला ते घर ट्रोलहाउगेनला नाही, आणि फलक वाचून ते उभं राहत नाही. म्हणून बालपण सोबत घेऊनच यावं लागतं.

त्याचा जन्म १५ जून १८४३ रोजी बर्गनच्या स्ट्रान्डगाटेन रस्त्यावरचा. पणजोबा स्कॉटलंडहून आलेले. सुकवलेले मासे आणि शेवंडी परदेशी पाठवण्याचा घराण्याचा धंदा, आणि जोडीला बर्गनमधलं ब्रिटिश वकिलातीचं काम. वडील अलेक्झांडर हेच करत. संगीत आलं ते आईकडून. गेसीने हागेरूप ही गावातली नावाजलेली पियानो-शिक्षिका होती आणि घरी दर आठवड्याला मोत्सार्ट-वेबर वाजवण्याच्या बैठका भरवायची. सहाव्या वर्षी तिने मुलाला हाताशी घेतलं, आणि लाड केले नाहीत. स्वयंपाकघरातून चुकलेला स्वर ओळखून ती हाक मारायची. त्याच्या स्वतःच्या आठवणीतली पहिली मोठी घटना मात्र धड्याबाहेरची आहे. पियानोशी एकटाच खेळताना त्याला आधी दोन स्वर एकत्र गोड वाटले, मग तीन, मग चार, आणि शेवटी पाच स्वरांचा मेळ सापडला तेव्हा त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पुढे आयुष्यभर चाल कोणाचीही असो, त्याखालचा स्वरमेळ त्याचा असे. त्याचं बीज इथे आहे.

शाळेत त्याचं कधीच जमलं नाही. आईच्या माहेरची लान्डोस नावाची वाडी गावाबाहेर होती, तिथून चालत शाळेत यावं लागायचं. भिजलेल्या मुलाला कपडे बदलायला घरी पाठवतात, हे कळल्यावर तो पावसात छपराच्या वळचणीखाली मुद्दाम चिंब होईपर्यंत उभा राहायचा आणि उशीर आणि सुट्टी दोन्ही साधायचा. एकदा पाऊस बेताचाच होता आणि हा मात्र ओलाचिंब, तेव्हा बिंग फुटलं. एका वर्गात त्याने स्वतः केलेली रचना वहीत आणली, तर शिक्षकाने केस धरून असला मूर्खपणा पुन्हा आणू नकोस असं बजावलं. ज्या माणसाला पुढे आपलं कच्चं काम कोणी ऐकू नये असं वाटत राहिलं, त्याच्या बाबतीत ही घटना दुर्लक्ष करण्यासारखी नाही. १८५८च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध व्हायोलिनवादक ओले बुल लान्डोसला आला, मुलाचं वाजवणं ऐकलं, आणि आईवडिलांना सांगितलं की याला लाइपझिगला पाठवा. पंधराव्या वर्षी तो निघाला.

जन्मघर आता नाही. एप्रिल १९४४ मध्ये बंदरात स्फोटकांनी भरलेलं जहाज उडालं, त्यात त्या भागाची फार मोठी हानी झाली. तरी ट्रोलहाउगेनला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी स्ट्रान्डगाटेनवरून एकदा चालून यावं. बंदर, माशांचा वास आणि रस्त्याच्या टोकाला उठलेले डोंगर हे सगळं दहा मिनिटांत एकाच नजरेत येतं. ज्यांना हस्तलिखितं बघण्यात रस आहे त्यांनी ती ट्रोलहाउगेनला शोधू नयेत. ग्रीगने आपले कागद बर्गनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिले. ग्रीग संग्रह तिथे आहे, आणि त्यातलं पुष्कळसं इंटरनेटवर बघता येतं.

स्वभावाबद्दलच्या दोन वस्तू-गोष्टी चुकवू नयेत. एक, बेडकाची छोटीशी प्रतिकृती. मैफलीआधी खिशात हात घालून तो हा बेडूक चोळायचा. रंगमंचावर जाण्याची भीती इतक्या वर्षांच्या कीर्तीनंतरही गेली नव्हती. दुसरी गोष्ट भित्रेपणाच्या अगदी उलट. १८९९ मध्ये पॅरिसहून वाद्यवृंद चालवण्याचं आमंत्रण आलं, तेव्हा फ्रान्सच्या सैन्यातल्या ड्रायफस या निरपराध अधिकाऱ्याला पुन्हा दोषी ठरवल्याच्या निषेधार्थ त्याने ते नाकारलं, आणि ते नाकारणारं पत्र छापूही दिलं. शिव्यांची पत्रं आली. १९०३ मध्ये तो पॅरिसला गेला तेव्हा सभागृहात हुर्यो झाली. ती शमेपर्यंत तो थांबला आणि मग कार्यक्रम पार पाडला. बेडूक चोळणारा माणूस आणि हा माणूस एकच, हे मनात धरून पुतळ्याकडे परत बघावं.

एकंदरीत खोपी, कडा आणि हॉल यांना पाचपैकी पाच. घराला चार, गर्दीत तीन. प्रदर्शनाला तीन. सगळं निवांत बघायला मैफल धरून साडेतीन तास लागतात. दोनच तास असतील तर प्रदर्शन सोडावं. हिवाळ्यात वेळा कमी होतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या तपासून घ्याव्यात.

आणि हाताशी आणखी दोन दिवस असतील तर ट्रोलहाउगेनवर थांबू नये. कारण हे तळं त्याच्या निसर्गप्रेमाचं अर्धंच रूप आहे. १८७७च्या उन्हाळ्यापासून तो हारडांगर फियोर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या) काठी जाऊन राहू लागला, आणि लोफ्टहूस गावात त्याने पहिली खोपी बांधून घेतली. तिथेही तीच अडचण: येणारेजाणारे पियानो ऐकत थबकायचे. मग गावातले पन्नासेक जण जमले आणि अख्खी खोपी ओंडक्यांवरून सरकवत त्यांनी खाली पाण्याकाठी नेऊन ठेवली. आज ती तिथल्या हॉटेलच्या बागेत आहे. पुढच्या वर्षांत तो बायरबरोबर योटुनहाइमेनच्या डोंगरांत जायचा, एका फुप्फुसाने, दिवसचे दिवस चालत. १८९१ मध्ये तिथे त्यांना येन्डिने नावाची वीस वर्षांची गवळण भेटली, बहिणीच्या बाळाला अंगाई गात असलेली. ती अंगाई क्रमांक ६६ मधल्या एकोणीस लोकधुनांपैकी शेवटची. चाल जशीच्या तशी आहे. तिच्याखालचे स्वरमेळ मात्र त्याचे, लहानपणी पियानोवर सापडलेल्या त्या पाच स्वरांच्या वंशातले.

लोफ्टहूसच्या खोपीसमोर उभं राहिलं की फियोर्डपलीकडे फोल्गेफोन्ना हिमनदीचं बर्फ दिसतं. ट्रोलहाउगेनच्या खिडकीत त्यातलं काहीच नाही. त्याने घर बांधताना ही खिडकी निवडली, जिच्यासमोर फक्त पाणी होतं आणि पाण्यापलीकडे मित्राचं घर.